काय वगळायचं, कोणासाठी

आर्डुइनो ऊनो हा निळा बोर्ड आता पॉलिटेक्निकपासून अभियांत्रिकी महाविद्यालयापर्यंत सगळीकडे दिसतो. त्याला तापमानाचा सेन्सर जोडायचा आणि आलेला आकडा छोट्या एलसीडीवर दाखवायचा, हा सुरुवातीच्या प्रयोगांपैकी एक. सेन्सरकडून २७.५ येतं. विद्यार्थी सी भाषेच्या तासाला शिकल्याप्रमाणे ‘एसप्रिंटएफ’ हे फंक्शन वापरतो, अपूर्णांक छापायचा आहे हे सांगणारी ‘टक्का एफ’ ही खूण त्यात घालतो, प्रोग्रॅम बोर्डवर चढवतो, आणि पडद्यावर आकड्याच्या जागी नुसतं एक प्रश्नचिन्ह उमटतं.

आधी सेन्सरवर संशय जातो, मग वायरींवर, मग बोर्ड ज्या दुकानातून आणला त्या दुकानावर. खरं तर सगळं जागच्या जागी असतं. ऊनोवरच्या एटीमेगा ३२८पी या चिपमध्ये प्रोग्रॅम ठेवायला ३२ किलोबाइट जागा आहे, आणि प्रोग्रॅम चालताना लागणारी मेमरी अवघी २ किलोबाइट. एवढ्या जागेत मावावं म्हणून लिहिलेल्या ‘एव्हीआर-लिबसी’ या लायब्ररीत छपाईच्या फंक्शनचा गाभा तीन आकारांत ठेवलेला आहे: किमान, नेहमीचा आणि पूर्ण. नेहमीच्या आकारात अपूर्णांक छापणारा भाग नाही. तो घ्यायचा तर आणखी दीडएक किलोबाइट खर्ची पडतो, आणि तो हवा आहे हे बिल्ड करताना वेगळं सांगावं लागतं. नाही सांगितलं तर अपूर्णांकाच्या जागी प्रश्नचिन्ह छापायचं, असं लायब्ररी लिहिणाऱ्यांनी ठरवून ठेवलं आहे.

विद्यार्थ्याने यातलं काहीच ठरवलेलं नसतं. असा काही पर्याय असतो याचाही त्याला पत्ता नसतो. लायब्ररीचा आकार कमी करण्याच्या सगळ्या खटाटोपात ही गोष्ट वारंवार भेटते: वगळणारा एक आणि ज्याला ते वगळलेलं लागतं तो दुसराच, आणि दोघांची गाठ क्वचितच पडते. म्हणून या प्रकरणात किलोबाइटचा हिशेब जेवढा आहे, तेवढाच तो कोणाच्या नावावर पडतो याचाही आहे.

आजच्या फोनमध्ये १२८ गिगाबाइट जागा असताना एवढी काटकसर कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण जगात फोनपेक्षा लहान यंत्रं पुष्कळ आहेत: वीजमीटर, राउटर, ब्लूटूथचे हेडफोन, गाडीच्या इंजिनाचं नियंत्रण करणारा डबा. त्यांच्या चिपमध्ये आजही किलोबाइट मोजले जातात. दुसरं कारण सुरक्षिततेचं, त्याच्याकडे नंतर येऊ. तिसरं असं की लायब्ररी मुळात सगळ्यांसाठी लिहिलेली असते आणि ‘सगळ्यां’मध्ये फार तऱ्हेची माणसं येतात. ‘कर्ल’ पाहा. इंटरनेटवरून काही आणायचं-पाठवायचं असेल तर असंख्य उपकरणांच्या पोटात ही लायब्ररी असते. तिला वेबचा एचटीटीपी तर येतोच, पण टेलनेट येतं, शब्दकोशाच्या सर्व्हरशी बोलणारा डिक्ट येतो, आणि १९९१ साली मिनेसोटा विद्यापीठात जन्मलेला गोफरही येतो. घरगुती वायफाय कॅमेरा बनवणाऱ्याला गोफरचं काय करायचं? म्हणून कर्लच्या कॉन्फिगरेशनमध्ये अशा एकेका प्रोटोकॉलसाठी ‘डिसेबल’ने सुरू होणारा एक पर्याय दिलेला आहे. नको ते एकेक करून बंद करत जायचं.

चित्रफिती उलगडणारी ‘एफएफएमपेग’ ही लायब्ररी याच्या उलट रस्त्यानेही जाऊ देते. तिच्यात शेकडो प्रकारच्या फायली वाचण्याची सोय आहे. ‘डिसेबल-एव्हरीथिंग’ म्हटलं की ती सगळी एका फटक्यात बंद होते; मग आपल्याला हवा तो डीकोडर, हवा तो फाइलप्रकार नाव घेऊन चालू करायचा. मला ही दुसरी पद्धत अधिक प्रामाणिक वाटते. बंद करण्याची यादी करताना माणूस जे ठाऊक आहे तेवढंच बंद करतो, बाकीचं तसंच राहतं. चालू करण्याची यादी करायला बसलं की आपला प्रोग्रॅम नेमकं काय करतो, हे कधी नव्हे ते नीट लिहून काढावं लागतं. बहुतेक ठिकाणी ती यादी कोणाकडेच तयार नसते, हा भाग वेगळा.

आता एक शंका. हे माणसाला का करावं लागतं? प्रोग्रॅममधून जे फंक्शन कुठूनही बोलावलं जात नाही, ते यंत्राने आपणहून का काढून टाकू नये?

काढून टाकतं, बऱ्याच प्रमाणात. कंपायलर सी भाषेतल्या एकेका फायलीचं यंत्रभाषेत रूपांतर करतो आणि लिंकर ते तुकडे जोडून एक प्रोग्रॅम तयार करतो. जीसीसी कंपायलरला प्रत्येक फंक्शन वेगळ्या कप्प्यात ठेवायला सांगता येतं. मग लिंकरलाही तशी सूचना दिली की तो मुख्य फंक्शनपासून निघतो, तिथून कोणाकोणाला हाक मारली आहे ते बघत जातो, आणि ज्या कप्प्यापर्यंत एकही वाट पोचत नाही तो टाकून देतो. लायब्ररी जर अनेक प्रोग्रॅमांनी मिळून वापरायची असेल, तर मात्र हा उपाय चालत नाही. उद्या येणारा प्रोग्रॅम कोणाला हाक मारेल हे आज कसं कळणार? पण एकाच उपकरणात एकच प्रोग्रॅम कायमचा बसणार असेल, तर नुसत्या या दोन सूचनांनी चांगली छाटणी होते, आणि ती सुरक्षित असते, कारण जे गेलं त्याला कोणी बोलावतच नव्हतं याची लिंकरने खात्री केलेली असते.

अडचण येते ती मजकुराशी. ‘टक्का एफ’ ही खूण लिंकरच्या दृष्टीने चार अक्षरांच्या ओळीतली दोन अक्षरं. ती छपाईच्या फंक्शनकडे पोचल्यावर, प्रोग्रॅम चालू असताना, तिथे तिचा अर्थ लावला जातो. अपूर्णांक छापणाऱ्या भागाची वाट छपाईच्या फंक्शनमधून जाते, म्हणून लिंकर तो ठेवणार, मग तुमच्या प्रोग्रॅममध्ये एकही अपूर्णांक नसला तरी. तुम्ही कोणत्या खुणा लिहिणार आहात हे तुम्हालाच ठाऊक. म्हणून निर्णयही तुमच्याकडे येतो. किंवा तुमच्या वतीने आधीच कोणीतरी घेऊन ठेवलेला असतो.

ज्या लायब्ररीचं सगळं कामच मजकूर वाचून चालतं, तिथे ही अडचण टोकाला जाते. त्याचं उत्तम उदाहरण म्हणजे एसक्यूलाइट.

एसक्यूलाइटचा जन्म २००० सालचा. रिचर्ड हिप हे तेव्हा अमेरिकी नौदलाच्या एका विनाशिकेसाठी सॉफ्टवेअर लिहीत होते. त्यांचा प्रोग्रॅम डेटाबेसच्या सर्व्हरवर अवलंबून होता. सर्व्हर बंद पडला की प्रोग्रॅम ठीक असूनही निरुपयोगी व्हायचा आणि बोलणी खायची पाळी यांच्यावर. त्यातून सर्व्हर नसलेल्या, प्रोग्रॅमच्या पोटातच बसणाऱ्या डेटाबेसची कल्पना निघाली. आज प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आणि प्रत्येक आयफोनमध्ये एसक्यूलाइट आहे. व्हॉट्सॲपवरचे तुमचे संदेश फोनमध्ये ज्या फायलीत साठतात, तीही एसक्यूलाइटचीच. आणि एवढं सगळं करणारी ही लायब्ररी, कंपायलरला वेगापेक्षा आकाराकडे लक्ष द्यायला सांगितलं, तर एका मेगाबाइटच्या आत मावते.

तिला काम सांगायचं ते एसक्यूएल या भाषेत, म्हणजे मजकुरात. आज दिलेल्या ओळीत तारखेचं फंक्शन असेल, उद्याच्या ओळीत ट्रिगर असेल. लिंकरच्या नजरेला यातलं काही पडत नाही, म्हणून तो कशालाच हात लावू शकत नाही. मग एसक्यूलाइटच्या मूळ सोर्समध्ये जागोजागी खुणा करून ठेवल्या आहेत: अमुक नाव बिल्ड करताना दिलेलं असेल, तर इथपासून इथपर्यंतचा भाग कंपायलरच्या नजरेलाच पडू द्यायचा नाही. ही नावं दोन घराण्यांतली. ‘एनेबल’वाली नावं एरवी बंद असलेलं काही चालू करतात. ‘ओमिट’वाली नावं एरवी चालू असलेलं काढून टाकतात: ट्रिगर, व्ह्यू, तारीख-वेळेची फंक्शनं, जेसन, व्हॅक्यूम, आणि असे आणखी कित्येक.

यातले काही पर्याय निर्धास्त वापरावेत असे आहेत, आणि एसक्यूलाइटच्या कर्त्यांनी त्यांची शिफारसच केली आहे. एका वेळी एकच धागा डेटाबेसला हात लावणार असेल, तर धाग्यांमधल्या कुलपांची व्यवस्था काढून टाका. तेवढ्यानेच आकार आणि वेळ दोन्ही सुमारे २ टक्क्यांनी घटतात. जुन्या, मोडीत काढलेल्या फंक्शनांचा भाग काढा. मेमरी किती लागली याची सतत चाललेली मोजदाद थांबवा. अशी डझनभर पथ्यं पाळल्यावर हाती काय लागतं? आकारात साधारण ३ टक्के घट आणि प्रोसेसरच्या कामात ५ टक्के. कर्तेच सांगतात की याने फार मोठा फरक पडत नाही. हे आकडे छाटणीच्या उत्साहात असलेल्या प्रत्येकाने आधी वाचावेत. आकार खरा हलतो तो कंपायलरच्या एका सूचनेने. वेगासाठी फंक्शनं जागच्या जागी उलगडून ठेव म्हटलं की लायब्ररी एकदम फुगते, आकार सांभाळ म्हटलं की आवळते. दहा वैशिष्ट्यांवर काट मारून जे मिळवायचं, त्याहून जास्त तिथे एका शब्दात मिळतं. पण पर्यायांच्या लांबलचक यादीवर खुणा करत बसण्यात काम केल्याचं समाधान असतं, ते त्या एका शब्दात नाही.

आता ‘ओमिट’ घराण्याकडे. इथे गोष्ट वेगळी होते.

समजा, एका छोट्या उपकरणासाठी एसक्यूलाइट तयार करताना कोणी ट्रिगर काढून टाकले. ट्रिगर म्हणजे ‘या तक्त्यात अमुक बदल झाला की आपोआप तमुक कर’ अशी सूचना. आम्ही ट्रिगर वापरतच नाही, मग ठेवायचे कशाला? विचार बिनचूक आहे. पण त्याच डेटाबेसमध्ये ‘फॉरिन की’ वापरलेली आहे: बिलाच्या नोंदीत ज्या ग्राहकाचा क्रमांक आहे तो ग्राहक ग्राहकांच्या तक्त्यात असलाच पाहिजे, असं बंधन. एसक्यूलाइटमध्ये हे बंधन पाळून घेण्याचं काम ट्रिगरच्याच यंत्रणेवर उभं केलेलं आहे. ट्रिगर काढले की एसक्यूलाइट ऑक्टोबर २००९ आधीच्या, म्हणजे ३.६.१९ या आवृत्तीच्या आधीच्या वागणुकीवर परत जाते. तक्ता बनवताना लिहिलेलं बंधन ती वाचते, स्वीकारते, विचारलं तर ‘हो, असं बंधन आहे’ म्हणून दाखवतेही. फक्त पाळत नाही. बंधन चालू करण्याची आज्ञा दिली तर ती मुकाट ऐकून घेते आणि काहीच करत नाही. वाड्यातली बिनकामाची भिंत पाडायला घ्यावी आणि वरच्या मजल्याची तुळई तिच्यावरच टेकलेली निघावी, तसं हे. फरक एवढाच की इथे काही कोसळत नाही. नसलेल्या ग्राहकांच्या नावाने बिलं जमत राहतात आणि वर्षभराने हिशेब जुळत नाही.

हे एसक्यूलाइटच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेलं आहे. लपवलेलं काही नाही. पण ते वाचायचं असतं ट्रिगर काढणाऱ्याने, आणि तो फॉरिन कीबद्दल का वाचेल?

सगळीच छाटणी अशी चोरपावलांनी दगा देत नाही. तारखेची फंक्शनं काढली आणि कोणी ती वापरली, तर असं फंक्शन नाही म्हणून लगेच चूक दाखवली जाते. आपोआप होणारी सुरुवातीची मांडामांड काढून टाकणारा एक पर्याय आहे. तो घेतल्यावर ती मांडामांड स्वतः बोलावायला विसरलात, तर प्रोग्रॅम बहुधा पहिल्याच फटक्यात आपटतो. हे दोन्ही प्रकार मला चालतात. आपटणारा प्रोग्रॅम निदान बिल्ड करणाऱ्याच्या टेबलावर आपटतो. वाईट ते, जे त्याच्या टेबलावर नीट चालतं आणि गिऱ्हाईकाकडे जाऊन चुकतं.

यातली आणखी एक मेख अशी. एसक्यूलाइट बहुतेक लोक एकाच भल्यामोठ्या सी फायलीच्या रूपात उतरवून घेतात. शंभराहून अधिक मूळ फायली एकत्र करून ती बनवलेली असते. दोन लाखांहून जास्त ओळी. सगळं एकत्र दिसल्यामुळे कंपायलरलाही सुधारणा करायला वाव मिळतो. पण एसक्यूएलचं व्याकरण समजणारा भाग हाताने लिहिलेला नाही. व्याकरणाचे नियम एका फायलीत आहेत आणि ‘लेमन’ नावाचं अवजार त्या नियमांवरून तो भाग तयार करतं. एकत्र केलेल्या मोठ्या फायलीत हा भाग आधीच तयार होऊन बसलेला असतो, सगळ्या वैशिष्ट्यांसह. आता त्या फायलीवर ‘ट्रिगर वगळ’ म्हटलं, तर ट्रिगरचं काम करणारी फंक्शनं जातात. त्यांना हाक मारणारं व्याकरण तसंच राहतं. लिंकर कुरकुरतो. म्हणून बऱ्याचशा ‘ओमिट’ पर्यायांसाठी मूळ सुट्या फायली घेऊन, लेमनलाही तीच नावं देऊन, सगळं पहिल्यापासून घडवावं लागतं.

आणि घडवल्यावर ते बरोबर चालतं का? एसक्यूलाइट जगातल्या सर्वांत जास्त तपासलेल्या सॉफ्टवेअरपैकी एक आहे. कोऱ्या ओळी आणि टिपणं वगळली तर तिच्या मूळ सोर्सच्या साधारण १ लाख ५६ हजार ओळींमागे चाचण्यांच्या ओळी सुमारे ५९० पट आहेत. एवढी कसोशी करणारे लोक ‘ओमिट’ पर्यायांबद्दल मात्र हात वर करतात. हे पर्याय सहसा तपासलेले नसतात, एकमेकांच्या जोडीने तर जवळजवळ नक्कीच तपासलेले नसतात, पुढच्या आवृत्तीत न सांगता काढूनही टाकले जातील, असा इशारा त्यांनी दिलेला आहे.

हा आळस म्हणावा तर तसं नाही; गणितच तसं आहे. चालू किंवा बंद असा एक पर्याय असला की लायब्ररीची दोन रूपं होतात. दहा पर्यायांची १,०२४. वीस पर्याय झाले की दहा लाखांच्या वर, आणि तीस झाले की १०७ कोटी. एका रूपाच्या चाचणीला फक्त एक मिनिट धरलं, तरी तीस पर्यायांची सगळी रूपं एका यंत्रावर तपासायला दोन हजारांहून अधिक वर्षं लागतील. एसक्यूलाइटमध्ये पर्याय तिसाहून पुष्कळ जास्त आहेत. लिनक्सच्या गाभ्यात तर ते हजारोंनी आहेत. तिथले लोक पर्याय यादृच्छिक निवडून बिल्ड करत राहतात, म्हणजे निदान जाळ्यात काही मासे तरी सापडतात. म्हणून तुम्ही चौदा पर्याय बंद करून, आकार घटवून जी लायब्ररी बनवलीत, ती त्या नेमक्या रूपात जगात पहिल्यांदाच जन्माला आलेली असण्याची शक्यता मोठी. एसक्यूलाइटची कोट्यवधी फोनांमध्ये मुरलेली विश्वासार्हता तिला वारशाने मिळत नाही. तिच्या चाचण्या घेण्याची जबाबदारी तुमच्याकडे आली.

एवढं वाचून कोणी म्हणेल की मग छाटूच नये. तर आता राहिलेलं सुरक्षिततेचं कारण.

७ एप्रिल २०१४ रोजी ‘हार्टब्लीड’ हे नाव जगाला कळलं. ओपनएसएसएल या लायब्ररीवर तेव्हा जगातल्या असंख्य संकेतस्थळांची गुप्तता उभी होती. तिच्यात २०१२ साली, १.०.१ या आवृत्तीपासून, ‘हार्टबीट’ नावाची सोय आली होती. जोडणी जिवंत आहे का हे पाहायला एका बाजूने काही अक्षरं पाठवायची आणि दुसऱ्या बाजूने तीच परत करायची. पाठवणारा सोबत अक्षरांची संख्याही सांगतो. ती खरी आहे का, हे ओपनएसएसएल तपासत नव्हती. एक अक्षर पाठवून ‘चौसष्ट हजार पाठवली आहेत’ म्हटलं की सर्व्हर आपल्या मेमरीतली शेजारची हजारो अक्षरं परत पाठवायचा. त्यात कोणाचा पासवर्ड असेल, तर कोणाच्या सर्व्हरची गुप्त किल्ली.

दुरुस्त आवृत्ती त्याच दिवशी आली. सोबतच्या सूचनेत लिहिलं होतं की ज्यांना ती लगेच घेता येत नाही, त्यांनी ‘नो हार्टबीट्स’ हा पर्याय देऊन आपली ओपनएसएसएल पुन्हा बिल्ड करावी. म्हणजे ती सोय काढून टाकण्याचा खटका लायब्ररीत पहिल्या दिवसापासून होता. ती मुख्यतः यूडीपीवरून चालणाऱ्या गुप्त जोडण्यांसाठी उपयोगाची होती. साध्या संकेतस्थळाला तिची गरज जवळजवळ नव्हतीच. तरी ती सगळ्यांकडे चालू होती, कारण मूळ मांडणीत चालू होती. दोन वर्षांत ज्यांनी यादी वाचून ‘हे आपल्याला लागत नाही’ म्हणून ती बंद केली असेल, त्यांच्याकडे ते भगदाड नव्हतंच. जे बिल्डमध्ये नाही त्यातून चोर शिरू शकत नाही, हा छाटणीच्या बाजूचा माझ्या मते सर्वांत भक्कम मुद्दा. किलोबाइट त्यापुढे किरकोळ आहेत.

तर काय चालू ठेवायचं आणि काय बंद, हे मूळ मांडणी लिहिणारा ठरवतो आणि बाकीचे ते तसंच उचलतात. तो कोणाला डोळ्यांपुढे ठेवून ठरवतो? इथे आपली भाषा येते.

एसक्यूलाइटला विचारलं की ही आडनावं क्रमाने लाव: काळे, काशीकर, कासार. ती नेमकी याच क्रमाने लावून देते. मराठी वर्णमालेत मात्र ‘ळ’ हा ‘ह’च्याही नंतर येतो, म्हणून आधी काशीकर, मग कासार आणि शेवटी काळे हवेत. एसक्यूलाइट मूळ रूपात फक्त बाइटची तुलना करते आणि युनिकोडने ‘ळ’ला ‘ल’च्या पाठीला लागूनच क्रमांक दिला आहे. भाषांचे असे नियम एसक्यूलाइटने पोटात का घेतले नाहीत? रोमन लिपीतल्या मोठ्या-लहान अक्षरांच्या निमित्ताने त्यांनीच उत्तर दिलं आहे. इंग्रजीपलीकडच्या साऱ्या लिप्यांसाठी नुसतं ते एक काम करायचं म्हटलं, तरी लागणाऱ्या तक्त्यांनी लायब्ररीचा आकार जवळपास दुप्पट होईल. मला हे पटतं. वीजमीटरला जर्मन अक्षरांची चिंता नसते. ज्यांना हवं त्यांच्यासाठी ‘एनेबल-आयसीयू’ हा पर्याय आहे, अर्थात मूळ मांडणीत बंद.

आयसीयू ही जगातल्या भाषांचे नियम सांभाळणारी लायब्ररी: कोणत्या भाषेत तारीख कशी लिहितात, आकडे कसे, शब्दांचा क्रम काय. तिची सगळी विदा घेतली तर ती २५ मेगाबाइटच्या वर जाते. एसक्यूलाइटच्या शेजारी ठेवली तर उंटाच्या पाठीवरची काडी कोणती आणि उंट कोणता, हे वेगळं सांगायला नको. साहजिकच आयसीयू छाटण्याचा मोह सगळ्यांना होतो. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या ‘नोड’ या प्रणालीनेही तेच केलं. तिच्या कॉन्फिगरेशनमध्ये भाषांसाठी पर्याय आहेत: अजिबात नको, यंत्रावर आधीच असलेली आयसीयू वापर, छोटी आयसीयू, पूर्ण आयसीयू. कित्येक वर्षं नोडच्या अधिकृत बिल्डमध्ये ‘छोटी’ असायची. तिच्यात विदा एकाच भाषेची होती, इंग्रजीची.

त्या काळात नोडला ‘मराठी पद्धतीने १२३४५६ हा आकडा लिही’ असं सांगितलं, तर तो ‘मराठी माहीत नाही’ म्हणत नसे. तो निमूटपणे अमेरिकी पद्धतीने, इंग्रजी अंकांत, पहिल्या तीन आकड्यांनंतर स्वल्पविराम देऊन लिहून मोकळा होई. लाख गायब, देवनागरी गायब, आणि चूक कुठेच नोंदलेली नाही. तारखेचंही तेच: महिना आधी, दिवस नंतर. ५ जूनची तारीख ६ मे म्हणून वाचली जायला एवढं पुरेसं आहे. गंमत अशी की लिहिणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये सगळं नीट दिसायचं, कारण ब्राउझरमधली आयसीयू मराठीसकट असायची. पानाचा जो भाग सर्व्हरवर तयार होई, तेवढाच इंग्रजी. त्यावर उपाय होता, पूर्ण विदेची फाइल वेगळी उतरवून नोडला तिचा पत्ता द्यायचा. पण त्यासाठी आधी रोग ओळखायला हवा.

ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या नोडच्या १३व्या आवृत्तीपासून अधिकृत बिल्डमध्ये पूर्ण आयसीयू आली. डाउनलोड वाढलं. ‘छोटी’चा पर्याय मात्र कॉन्फिगरेशनमध्ये आजही आहे आणि क्लाउडवरचे आपले डबे हलके ठेवू पाहणारे लोक तो वापरू शकतात. त्यापेक्षा शहाणा मार्ग आयसीयूनेच ६४व्या आवृत्तीपासून दिला आहे. काय हवं आणि काय नको याची एक फाइल लिहायची आणि विदा त्यातून गाळून घ्यायची. भाषा मराठी, हिंदी आणि इंग्रजी ठेवा. थाई, ख्मेर, जपानी मजकुरात शब्द कुठे तुटतो ते सांगणारे भलेमोठे शब्दकोश काढा, कारण आपण शब्दांमध्ये जागा सोडतो. क्रमवारीचे नियम मराठीचे ठेवा, चिनीचे जाऊ द्या. चिनी क्रमवारीची विदा त्यातली सर्वांत जड मंडळींपैकी आहे. जे उरतं ते पूर्ण विदेच्या एका लहानशा अंशाएवढं भरतं आणि ‘ळ’ आपल्या जागेवर येतो.

दुसऱ्या कोणी बिल्ड केलेली लायब्ररी हातात आली, तर तिला विचारायची सोय बहुतेक ठिकाणी असते. एसक्यूलाइटमध्ये ‘प्राग्मा कंपाइल ऑप्शन्स’ ही एक ओळ दिली की ती कोणत्या पर्यायांनिशी घडवली त्यांची यादी समोर येते. फोनमधली यादी आणि लॅपटॉपवरची यादी शेजारी ठेवून पाहिल्या तर बऱ्याच कोड्यांची उत्तरं तिथेच मिळतात. नोडलाही त्याच्या कॉन्फिगरेशनबद्दल विचारता येतं. पण यादी वाचण्यापेक्षा मला वागणूक तपासणं बरं वाटतं, कारण ट्रिगर वगळल्याची नोंद फॉरिन कीबद्दल काही बोलत नाही. प्रत्येक बिल्डनंतर आपोआप चालणाऱ्या चाचण्यांत तीन ओळी वाढवाव्यात. नसलेल्या ग्राहकाच्या नावाने एक बिल टाकून पाहावं. ते स्वीकारलं गेलं तर बिल्ड नापास. काळे, काशीकर, कासार क्रमाने मागावेत. काळे शेवटी आले नाहीत तर नापास. आणि १२३४५६ मराठीत मागावेत. परत १,२३,४५६ आलं नाही, तर ती लायब्ररी कितीही हलकी झालेली असो, पुढे पाठवू नये.